काकूंची दहा पावलं

शेजारच्या काकू भाव पटला नाही की पाठ फिरवून दहा पावलं हळूहळू चालतात. तेवढ्यात दुकानदार हाक मारतोच. म्हणून नवी गाडी घ्यायला आम्ही त्यांना वाशीमला नेलं.

शोरूमवाला म्हणाला, "काकू, भाव एकच आहे."

"मंग ठेव तुही गाडी तुह्याजोळच," म्हणत काकू निघाल्या.

दहा पावलं झाली, दार झालं, पायऱ्याही झाल्या. त्यानं हाक मारली नाही. काकू उन्हात चपलेचा चांगला असलेला पट्टा उगाच नीट करत उभ्या राहिल्या. मला ते बघवेना. मी मोठ्यानं कधी बोलत नाही, पण दारातून ओरडले, "काकू, या, बोलावून राह्यले तुमाले."

त्या आल्या, खुर्चीत बसल्या अन् त्याला म्हणाल्या, "आला न लायनीवर? बोल आता."

तो माझ्याकडे बघू लागला अन् मी गाडीकडे.