भाताच्या फुलाला मी कीड म्हटलं

हिराच्या भाताला फूल आलं होतं, आणि मी त्याला कीड म्हटलं. एवढंच असतं तर पोरांना हसत सांगितलं असतं. पण पुढचं जे आहे — ते नवऱ्याला तो जाईपर्यंत कळू दिलं नाही, लेकींनाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगते. आधी फजिती ऐका, लबाडी मागून येतेच आहे.

मी खाडीकाठची, बाप मिठागरावर. मीठ कधी धरतंय ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. लग्न होऊन पेणच्या आतल्या बाजूला आले, तर तिथं सगळा भाताचा कारभार. आणि त्या कारभारात माझी थोरली जाऊ! निडी गावची. शेतात शिरायची, भाताचा एक फुटवा उपटायची, अंगठ्याच्या नखानं उभा चिरायची. आत कापसाच्या तंतूएवढं पांढरं दिसलं की म्हणायची, "कणीस धरलं, आता खत टाका." नाही दिसलं तर, "थांबा." बस्स. आणि सगळी आळी थांबायची! बांधाबांधावरून हाका — "वैनी, आमचंपन बघा ना जरा." मला कोण काय विचारायचं? पाणी कुठं ठेवलंय, एवढंच.

जळायचे हो मी. ओलं लाकूड जळतं तशी — जाळ कमी, धूर फार. गुपचूप आमच्याच शेतातले फुटवे उपटून चिरून बघायचे. हिरव्यात हिरवं! काही म्हणता काही दिसायचं नाही. इतके उपटले, की सासऱ्यांनी बांधावर उंदरांचे सापळे लावले. उंदीर घरातच भाकऱ्या थापत होता.

त्या वर्षी जाऊबाईंचे वडील आजारी पडले आणि त्या आठ दिवसांसाठी निडीला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरा आली. हिरा आमची शेजारीण — नवरा नागोठण्याला कंपनीत, शिफ्टवर, शेत सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. त्या तुकड्यातलं भात तिचं घर वर्षभर खायचं. हातात एक लोंबी होती, तिच्यावर बारीक पांढरट-पिवळं काहीतरी लोंबत होतं.

"थोरली वैनी नाय? मंग जाऊदे, आल्यावर दाखवीन."

त्या 'जाऊदे'नं माझं डोकं फिरलं. मी काय घरात नव्हते? लोंबी तिच्या हातातून ओढलीच. नखानं चिरायला तर काही उरलं नव्हतं — मग उन्हात धरली, हुंगली, भुवया चढवल्या. अगदी जाऊबाई! आणि म्हणाले, "कीड हाय गो. आजच औषध मार, ऊन चढायच्या आत."

हिरा घुटमळली. तिचा माझ्यावर विश्वास कसा बसावा? तेव्हा मी म्हणाले — जिच्यावर जळत होते तिचंच नाव वापरलं, बघा — "जाऊबाई जाताना सांगून गेल्यात. हिराच्या लोंबीवर असं दिसलं तर लगेच मारायला सांग."

ते भाताचं फूल होतं. सकाळी उमलतं, तासा-दोन तासात मिटतं. तेवढ्या वेळात त्याच्यावर औषध मारायचं नसतं, हे आता मला माहीत आहे. हिरानं दोन सकाळी पाठीवर पंप घेऊन सगळा तुकडा भिजवला.

लोंब्या भरायच्या दिवसांत तिच्या शेतातली लोंबी मान खाली घालेना. दाबून बघावं तर दाणा पोचट. हिरा ओटीवर येऊन जाऊबाईंना वाट्टेल ते बोलली. जाऊबाई गोंधळल्या. "अगो, मी असं कदी सांगितलं?" आणि माझ्याकडे वळल्या.

तेव्हा बोलायचं होतं. वेळ होती, तोंड होतं. आणि मी काय बोलले? — "म्हणालात की. पिशवी उचलताना. इसरलात वाटतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी परातीतलं पीठ मळत राहिले. पीठ कधीच मळून झालं होतं.

त्यानंतर कुणी हाक मारली तरी जाऊबाई म्हणायच्या, "मला नाय कळत त्यातलं." पुढं कितीतरी वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं, एकमेकींची बाळंतपणं काढली. त्यांच्या शेवटच्या आजारात पेज मीच भरवली. आज सांगू म्हणून रोज वाटी घेऊन बसायचे आणि रोज न सांगताच वाटी घेऊन उठायचे. घाबरत होते, असं म्हणू का? नाही. खरं सांगते — त्यांना कुणी विचारेनासं झालं, ते मला आवडलं होतं.

पण त्या फजितीच्या दुसऱ्याच वर्षी, भात कणीस धरायच्या बेतात आलं तेव्हाची गोष्ट. जाऊबाई ओटीवर वाल निवडत बसल्या होत्या. हिरा हातात फुटवा घेऊन आली, त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली, आत माझ्यापाशी येऊन बसली. मला अजूनही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फुटवा माझ्या हातात ठेवला आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तू तरी खरं बोलनारी हायस गो. सांग, खत आज टाकू का थांबू?"