खुंटापासून मोहापर्यंत

डिसेंबरातला तिसरा रविवार, सकाळ. तलावावर हजर: मी, माझी धाकटी नणंद आणि डोंगा, म्हणजे लहानशी होडी, घेऊन आलेले गावातले एक मच्छीमार, ज्यांना सगळे भाऊच म्हणतात. झोप तिघांचीही झालेली नव्हती.

आदल्या रात्री गावात नाटक होतं. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे घरोघरी पाहुणे. नणंद पोहण्याच्या सरावासाठी म्हणून माहेरी आली आणि माझ्याबरोबर वडे तळत बसली. मग दोघी मंडपात सतरंजीवर मांडी घालून उजाडेपर्यंत. रात्रभर घोटभर चहा, तेवढाच. पाणी प्यायलं की उठावं लागतं आणि उठलं की जागा जाते, म्हणून नाटकाला आलेलं कोणी फारसं पाणी पीतच नाही.

सकाळी मी सराव रद्द करायला निघाले होते. अंग मोडून आलं होतं आणि घरी भांड्यांचा ढीग होता. ती ऐकेना. तिचं सासर नाल्यापलीकडे. पावसाळ्यात ते गाव तुटतं. पूरपथकात तिला जायचं आहे, आणि पथकात घेतात ते डोंग्याला हात न लावता हा तलाव पार करणाऱ्यालाच. गेल्या हिवाळ्यात पोटरीत गोळा आला, तिनं डोंगा धरला आणि परीक्षा तिथंच संपली. यंदाची परीक्षा संक्रांतीनंतर. यंदाही डोंगा धरला तर परत पाण्याकडं पाहणार नाही, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मी तिच्याकडून टाचा उचलून घेतल्या, पोटऱ्या ताणून घेतल्या, मीठ घातलेली पेज पाजली. रात्रभराची तहान एका पेल्यात भागत नाही, हे दोघींनाही कळत होतं. एकदम उडी नाही, हा आमचा नियम. गुडघे, कंबर, मग तोंडावर पाणी, श्वास जागेवर आला की पुढं. पाय सैल ठेव, पंजे ताणू नको, असं डोंग्यातून मी बजावत होते.

"काल हिरोईन मेली तं सगळ्यात जास्त तूच रडली, बाई," भाऊ तिला म्हणाले. "थोडा दम आजच्यासाठी ठेवाचा होता."

ती पाण्यातच हसली. बरं चाललं होतं.

तलावाच्या मधोमध जुन्या झाडाचा खुंट वर आलेला आहे. त्याच्या अलीकडेच तिचे हात थांबले.

"वहिनी, गोळा आला."

तिनं डोंग्याकडं पाहिलं. भाऊंनी बांबू रेटला. मी हातानंच त्यांना थांबवलं आणि तिला पाठीवर व्हायला सांगितलं. ती उताणी झाली, पाय सरळ केला, पंजा धरून नडगीकडं ओढला आणि तसाच ठेवला. सोडल्याबरोबर गोळा परत आला. पुन्हा ओढला, अंगठ्यानं पोटरी दाबत राहिली. या खेपेला सुटला. मग उताणीच, नुसत्या हातांनी, दुखरा पाय सैल सोडून खुंटापर्यंत आली.

पण आता ती कुडकुडत होती. काहीतरी बोलली, ते मला नीट कळलं नाही. मी वर यायला सांगितलं.

"नाई. गोळा गेला, वहिनी. मी जाऊन राह्यली."

"ओठ निळे पडले तुझे. तू डोंगा धरू नको. मीच तुले धरते."

भाऊ डोंग्याच्या दुसऱ्या कडेवर वजन टाकून बसले, नाहीतर तो उलटला असता. मी तिला काखेत हात घालून वर ओढलं. तिनं दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून धरले होते.

ओले कपडे काढून, ब्लँकेट गुंडाळून ती पाळीवर बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी धरला नाई."

"नाई धरला. मी पाह्यलं," भाऊ म्हणाले.

घरी जाऊन मी आधी भांडी घासली. पुढच्या शनिवारी शेजारच्या गावात नाटक आहे, आमंत्रण आलं होतं. नाही म्हणून कळवलं. तिथले नातलग रुसतील. रविवारी पुन्हा तलावावर जायचं आहे. खुंटापासून पलीकडच्या काठावरच्या मोहाच्या झाडापर्यंतचं पाणी तिला अजून पोहायचं आहे.