पदवीचं माप

आमच्या नाक्यावरचा फ्रेमवाला तीस वर्षं लोकांच्या पदव्या काचेत बसवतोय. त्यातली एकही त्याने कधी वाचली नाही. तो फक्त माप घेतो, आणि कागद मोठा तर कॉलेज मोठं, असं त्याचं ठाम मत.

त्याच्या मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. मागच्या गल्लीतल्या कॉलेजात ऑनर्सचा वर्ग होता. मुलं पंधराच, फी नावापुरती. दुसऱ्या, नामांकित कॉलेजची फी ऐकूनच घाम फुटावा.

"बाबा, मला मागच्या गल्लीतच शिकायचंय," मुलगी म्हणाली.

"यांची पदवी वहीच्या पानाएवढी असते! भिंतीवर दिसणार तरी का?" म्हणत या शहाण्याने अर्धं दुकान विकलं आणि तिला नामांकित कॉलेजात घातलं.

महिन्याभरात तिचेच विभागप्रमुख आपली जुनी पदवी घेऊन दुकानात आले. मुलीने ती वाचली. "बाबा, ही मागच्या गल्लीतली आहे. ऑनर्सची."

बापाने पट्टी लावली आणि सरांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लहान आहे, साहेब. पण भोवती चार इंची पुठ्ठा लावतो, कुणाला कळणारही नाही."

मुलगी म्हणाली, "मग माझ्या पदवीलाही लावला असता की!"