बुवाचा पाळणा आणि सात नंबरची चिठ्ठी

दवाखान्यात नोकरी केली की किस्से अंगाला चिकटतातच. आयोडिनचा वास साबणानं जातो, किस्से जात न्हाईत. मी तर ऑपरेशनच्या खोलीत ड्रेसर होतो. हत्यारं उकळायची, ट्रे धरायचा, पट्ट्या बांधायच्या. तेबी निजामाच्या राज्यात, जालन्याला, जिथं डोकं दुखलं की माणूस आधी देवऋषी गाठायचा आणि सगळं हरल्यावर आमच्याकडं यायचा. तुम्ही हसायला म्हणून बसता खरं, पण आज शेवटपर्यंत हसाल असं वाटत न्हाई मला. बघा बाबा.

*

आमचे डॉक्टर साहेब हैदराबादचे. विलायतेत शिकून आल्ते आणि तिकडून एक खूळ घेऊन आल्ते: डोक्याचं ऑपरेशन मरीज जागा ठेवून करायचं! कातडी बधिर करायला सुई द्यायची, हाड कापायचं, आणि आतला मेंदू उघडा पडला की मरीजशी गप्पा मारायच्या. "मेंदूला हात लावला तरी दुखत नाही," असं साहेब पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं, साहेबांचीच तब्येत बिघडली.

पहिला मरीज जिनिंगमधला हमाल. लोखंडी दांडा बसून हाड आत दबलेलं. साहेब तुकडे उचलून राह्यले, मी ट्रे धरून उभा, आणि चादरीखालून आवाज आला, "बिडी मिळंल का?"

साहेब म्हणाले, "नहीं."

"मंग जल्दी उरका की!"

पंधरा दिवसांनी हमाल चालत घरी गेला. जाताना फाटकाशी थांबून आधी बिडी पेटवली.

*

मंग काय, नाव झालं! हा डॉक्टर डोकं उघडून आत बघतो म्हणून. एक दिवस अंबडकडचा एक पाटील सख्ख्या भावाला घेऊन आला. भाऊ धडधाकट, पण तोंड पाडून बसलेला.

साहेबांनी विचारलं, "याला काय होतंय?"

"याला काय होत न्हाई. याच्या डोक्यात माझ्याबद्दल काय चाललंय तेवढं उघडून सांगा. खर्चा मी करतो!"

साहेब हसले न्हाईत. म्हणाले, "तेवढं दिसत असतं तर मी स्वतःच्या घरी राहिलो असतो ना, पाटील." त्यांचं घर हैदराबादला होतं आणि तिथून कधी पत्र आलेलं मी बघितलं न्हाई.

*

मरीजला बोलत का ठेवायचं, तर ऐका. साहेबांजवळ बॅटरीला जोडलेली बारीक तार होती. ती मेंदूवर टेकवायची. बोलता बोलता माणूस अडला की समजायचं, बोलणं इथं राहतं. तिथं कापायचं न्हाई. मंग त्या जागेवर नंबर घातलेली कागदाची बारीक चिठ्ठी ठेवायची आणि वहीत नकाशा काढायचा. शेताची मोजणी करतात ना, बराबर तसं.

एकदा साहेबांनी एका मेंढपाळाला सांगितलं, "सात का पाढा बोलो!" आणि तार लावली. मेंढपाळ गप्प. तार काढली, तरी गप्प. साहेबांना घाम फुटला. दुसरीकडं लावली, गप्प. सगळ्या मेंदूवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या झाल्या!

शेवटी मी चादरीत तोंड घालून विचारलं, "दादा, बोलत का न्हाई?"

"मी शाळेत गेलोच न्हाई, तर पाढा कुठून आणू?"

त्या दिवसापासून साहेबांनी ठरवलं, मरीजला जे येतं तेच म्हणायला लावायचं. आणि चादरीखाली, मरीजच्या तोंडाजवळ, मला बसवायचं. "ये लोग तेरे हैं, तू समझता है," म्हणाले. मला तेव्हा मोठा अभिमान वाटला. आता वाटतं, दुसऱ्या कुणाला बसवलं असतं तर बरं झालं असतं.

*

मंग आला दगडूबुवा. घनसावंगीकडचा, जांबेच्या शिवारापलीकडच्या एका खेड्यातला. पन्नाशीचा कास्तकार, अंगानं वाळका, पण आवाज असा की वॉर्डात नुसता पाणी मागायचा तर पलीकडच्या खाटेवरचे उठून बसायचे. बरोबर बायको, गोदाबाई.

त्याला झटके यायचे. "आधी डाव्या कानात कुणीतरी पाळणा म्हणतं," बुवा सांगायचा. "पाळणा आमच्याच घरचा, पण म्हणणारा मी नसतो. मंग डोळ्याफुडं अंधार, आन तोंडाला फेस."

त्याच्या गावात रामनवमीला दुपारी बारा वाजता रामाचा पाळणा म्हणायचा मान बुवाच्या घराचा. बापानं म्हटला, आज्यानं म्हटला. दुसऱ्या कुणी म्हणायचा न्हाई.

साहेबांनी तपासलं आणि सांगितलं, उजव्या कानाच्या वर गाठ आहे. काढली न्हाई तर वर्ष निघायचं न्हाई. काढली तर जीव राहील, पण गाणं राहील का, ते सांगता येत न्हाई.

बुवानं आधी गोदाबाईकडं बघितलं. मंग म्हणाला, "साहेब, पाळणा म्हणल्याबिगर आमच्या गावात राम जलमत न्हाई. तेवढा ठिवा. बाकी काय काढायचं ते काढा."

साहेब म्हणाले, "वादा नहीं करता. पण तू गात राहा. जहाँ तेरा गाना रुका, वहाँ मेरा चाकू रुका."

बुवानं साहेबांच्या पायाला हात लावला. सौदा पक्का झाला.

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बघतो तर काय, गोदाबाईनं बुवाच्या गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळलेला, तोंडात ज्येष्ठमधाची कांडी! मी म्हणलो, "आक्का, ऑपरेशन डोक्याचं हाय!"

"ठावं हाय मला. पर गाणं गळ्यात असतं का न्हाई? तिथं कुणाचा धक्का लागू नी."

साहेब आत आले, त्यांनी बघितलं. मफलर काढायला सांगितला न्हाई. चादर टाकेपर्यंत तो बुवाच्या गळ्यालाच होता.

*

पण त्याआधी तालीम झाली, ती सांगायची राह्यली. साहेबांना सुराचं काही कळायचं न्हाई, ते स्वतःच कबूल करायचे. बुवाला खाटेवर बसवलं, म्हणाले, "शुरू करो." बुवानं पहिली ओळ घेतली,

"हळू ओढा दोरी बाई, सावळा जागा हाय..."

आणि थांबला. साहेब घाबरले. "रुका! बिना तार के रुका!"

मला हसू आवरेना. "साहेब, तो अडला न्हाई. झिलीची वाट बघून राह्यलाय!"

मंग समजावून सांगावं लागलं. बुवानं ओळ म्हणायची, मागच्यांनी तीच ओळ झेलायची, मंग बुवानं पुढची घ्यायची. मागच्यांना झीलकरी म्हणतात. जन्मभर तसंच म्हटलेला माणूस एकट्यानं सलग कसा म्हणेल? बिलकुल जमेना त्याला. तीनदा सांगितलं, तीनदा थांबला.

साहेब वैतागले. "तुझे आता है?"

मी गावच्या भजनात दहा वर्षं झील धरलेली. "येतं की, साहेब."

"तो तू झील धर!"

आठ दिवस आम्ही तालीम केली. पाळणा मला पुरा पाठ झाला. बुवा म्हणायचा, "घराबाहेर हा पाळणा शिकलेला तू पहिलाच हाईस, बरं का." त्याच्या तोंडून ते ऐकून छाती फुगली होती माझी.

*

चादरीखाली बुवाचं तोंड आणि माझं तोंड, मध्ये वीतभर जागा. वर साहेब. हाड निघालं. बुवानं सुरू केलं, मी झेललं. एक नंबर, दोन नंबर, चिठ्ठ्या पडत गेल्या. गाणं चालू.

पाच नंबरला तार टेकली आणि बुवानं माझं मनगट धरलं.

"माझा बाप म्हणून राह्यला!"

"कुठं?" मी विचारलं.

"इथंच की! पाळणा म्हणून राह्यला. मागं टाळ बी हायेत."

बाप मरून वीस वर्षं झाल्ती. साहेबांनी तार उचलली तसा बुवा रडवेला झाला. "गेला. साहेब, आणखी एकदा लावा ना."

एका जागेला तार एकदाच, असा साहेबांचा नियम; तो मोडायला नको होता, पण त्यांनी आणखी एकदा लावली. बुवा डोळे मिटून ऐकत राह्यला.

*

आता सात नंबर. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

सात नंबरच्या जागेला गाठ खोल गेल्ती. साहेबांनी चाकू लावला, म्हणाले, "आता पक्कं गात राहा." बुवानं पहिली ओळ म्हटली. मी झेलली. आता दुसरी त्यानं घ्यायची. घेईना.

भजनात बुवा ओळ विसरला तर झीलकरी काय करतो? तीच ओळ उचलतो आणि पुढं रेटतो. सभेला कळू द्यायचं न्हाई. बुवाची लाज राखायची. हे कुणी शिकवत न्हाई, अंगात भिनलेलं असतं. त्या क्षणी मी ड्रेसर न्हवतो हो, मी झीलकरी होतो! मी दुसरी ओळ उचलली,

"उन्हं आली माथ्यावर, डोळा लागंना..."

वरून साहेबांचा आवाज, "शाबाश बुवा!" जाड चादर, खाली तोवर दोन आवाज एकाच सुरात, त्यातला एक गळला ते साहेबांना काय कळणार? त्यांना गाणं ऐकू येत होतं. त्यांचा हात चालू राह्यला.

तिसरी ओळ मी म्हटली. चौथीला माझं लक्ष बुवाच्या तोंडाकडं गेलं. ओठ हलून राह्यले होते. शब्द पण येत होते, पण कुणी बाजाराची यादी वाचावी तसे. सूर माझा एकट्याचा होता.

"साहेब!" मी ओरडलो.

"हो गया," साहेब म्हणाले. गाठ चिमट्यात होती.

*

जीव वाचला. झटके थांबले. बुवानं बायकोला ओळखलं, भाकरी मागितली, मीठ कमी म्हणून कुरकुर केली. आठव्या दिवशी पाळणा म्हणायला बसला आणि नुसते शब्द आले. चाल न्हाई. गोदाबाईनं तोंडात पदर कोंबला.

साहेब म्हणाले, "सूज आहे, उतरेल." सूज उतरली. चाल आली न्हाई.

बुवाला एकच कोडं पडलं होतं. येईल जाईल त्याला सांगायचा, "टेबलावर पुरा पाळणा म्हणलो मी! शेवटपर्यंत! माझ्या कानानं ऐकला. डोकं उघडं असताना आला, आन आता झाकल्यावर का येईना?" मंग म्हणायचा, "शिवताना काहीतरी राह्यलं असंल. न्हाई तर माझंच काय तरी चुकलं असंल."

साहेबांना पण तेच कोडं. वहीतला नकाशा पुन्हा पुन्हा काढून बसायचे. तिथं लिहिलेलं होतं, सात नंबर, गाणं चालू. मी तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेल्तो. नोकरीची भीती न्हवती. साहेबांचं तोंड बघवलं नसतं. तिन्ही वेळा परत आलो आणि हत्यारं उकळत बसलो. भेकड होतो मी, दुसरं काय!

*

रामनवमीला बुवानं माणूस पाठवून मला बोलावलं. "येच," म्हणून निरोप. मी गेलो. देऊळ लहान, पण सगळा गाव गोळा झालेला. फुलांनी मढवलेला पाळणा, आणि दोरी बुवाच्या हातात. मला त्यानं शेजारी बसवून घेतलं. हळूच म्हणाला, "मागं तू हाईस म्हणल्यावर येईल बघ. टेबलावर आल्ता."

बारा वाजले. गुलाल उधळला. बुवानं डोळे मिटले आणि म्हणाला,

"हळू ओढा दोरी बाई, सावळा जागा हाय."

म्हणाला. गायला न्हाई. माणसं एकमेकांकडं बघाया लागली. पुढं बसलेल्या गोदाबाईनं मान खाली घातली. माझ्यानं बघवेना. मी ती ओळ उचलली, चालीत, पुरी. आणि त्याची वाट न बघता दुसरी पण घेतली.

बुवानं डोळे उघडले. वळून माझ्या तोंडाकडं बघत राह्यला, अगदी वीतभर अंतरावरून. मंग कुणाला ऐकू जाणार न्हाई अशा आवाजात म्हणाला,

"टेबलावर बी तूच म्हणत व्हतास? मला वाटलं, मीच म्हणून राह्यलो."

सगळा गाव थांबला होता. मी तिसरी ओळ उचलली.