बेलाची म्हणून दिलेली पानं

परचुरेकाकांचं फिरणं माझ्यामुळे बंद झालं. कॅनडातल्या मिल्टन गावात आमच्या ओळखीच्या लोकांना वाटतं की ते वयामुळे बंद झालं. काकांना स्वतःला वाटायचं की ते त्यांच्या बुटांमुळे झालं. खरं कारण मला माहीत होतं आणि दोन वर्षं मी ते कोणालाच सांगितलं नाही. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. दुसरीकडून केली तर पुढचं काही लिहिण्याचा मला हक्क उरत नाही.

काका झाडीत शिरले की दोन्ही हात पँटच्या खिशात घालत. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, डोक्यावर विटकी टोपी आणि हात खिशात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा गृहस्थ जंगलात आलाय की बँकेच्या रांगेत उभा आहे? मी हातानं फांदी बाजूला सारत चाललो होतो. ते मागे न वळताच म्हणाले, "जंगलात हात खिशात आणि डोळे पायात. झाडांना तुझ्याशी शेकहँड करायची हौस नाहीये."

ते मूळचे रत्नागिरीकडचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आले आणि हॅमिल्टनच्या एका पोलाद कारखान्यात मेटलर्जिस्ट म्हणून निवृत्त झाले. आम्ही नव्या सबडिव्हिजनमधले, म्हणजे नव्या वसाहतीतले पाच-सहा जण, सगळे पुण्या-नागपूरचे सॉफ्टवेअरवाले. आम्हाला शनिवारी सकाळी जंगलातल्या ट्रेलवर नेण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती. "कॅनडात येऊन तुम्ही काय पाहिलंत? बेसमेंट आणि हायवे," असं म्हणत.

अंगाला लागली की फोड आणणारी पॉयझन आयव्ही त्यांनीच आम्हाला दाखवली. वाटेच्या कडेला, कुंपणाच्या खांबावर, कुठेही उगवते. एका देठाला तीन पानं, टोकदार, तुकतुकीत. "नाव आयव्ही, पण खानदान आपल्या बिब्ब्याचं. आंबा, काजू हे हिचे सोयरे. लहानपणी बिब्बा उतला होता मला, तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. इथे आल्यावर हिला पाहिलं आणि म्हटलं, बाई, तू इथेही आलीस का?" मग ते काठीच्या टोकानं, न टेकवता, मधलं पान दाखवत. त्याचं देठ बाजूच्या दोन पानांपेक्षा लांब असतं. हे ते दर उन्हाळ्यात सांगत. मी दर उन्हाळ्यात सगळ्यांच्या मागे, ऑफिसच्या मेसेजना उत्तरं देत चाललेला असे.

फिरून आलं की त्यांच्याकडे पोहे ठरलेले. पण काका स्वतः लगेच घरात येत नसत. बूट गॅरेजमध्ये काढायचे, कपडे थेट वॉशरमध्ये टाकायचे आणि हात कोपरापर्यंत भांड्यांच्या साबणानं, थंड पाण्यानं धुवायचे. पानांतलं तेल नुसत्या पाण्याला दाद देत नाही, कपड्यांवर, बुटांवर कितीतरी दिवस टिकतं, हे आम्ही त्यांच्याकडूनच ऐकलं. मालतीकाकू देवाधर्मातल्या. त्या चिडवत, "घरात पूजा करते मी आणि सोवळं पाळतात हे." काका आतून ओरडत, "तुझं सोवळं महादेवासाठी, माझं तुझ्यासाठी." पूजेच्या खोलीकडे मात्र ते फिरकत नसत. नास्तिक नव्हते. देवाचं खातं बायकोकडे आहे, आपण ढवळाढवळ करू नये, असं त्यांचं मत.

त्या श्रावणात काकूंनी मला सांगितलं होतं, ब्रॅम्प्टनच्या भारतीय ग्रोसरीत कधी कधी बेलाची पानं येतात, सोमवारसाठी मिळाली तर बघ. नाही मिळाली तर अक्षता वाहीन, असंही म्हणाल्या होत्या. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात लोकांना काढण्याची चर्चा चालू होती. मी रोज रात्रीपर्यंत लॅपटॉपसमोर बसून असे. शनिवारी ट्रेलहून परतताना सगळे आपापल्या गाड्यांत बसले आणि मला एकदम आठवलं. ब्रॅम्प्टनला जाऊन यायचा विचारही नकोसा वाटला. तेवढ्यात पार्किंगच्या कुंपणाशी तीन-तीन पानांची हिरवीगार झुडपं दिसली. टोकदार पानं, मधल्याचं देठ लांब. बेलाचंही तसंच असतं. मी कागदी पिशवीभर पानं तोडली आणि संध्याकाळी काकूंच्या हातात देताना सांगितलं, ग्रोसरीतून आणली. त्या इतक्या खूश झाल्या की पानाला वास का येत नाही, हेही त्यांनी विचारलं नाही. माझ्या हातांना पुढे काहीच झालं नाही. काहींना पहिल्या वेळी होत नाही, हे मला नंतर कळलं.

बेलाच्या देठाची टोकाची गाठ खुडायची आणि पान पालथं वाहायचं, अशी पद्धत आहे. काकूंनी सोमवारी सकाळी प्रत्येक पानाचं देठ नखानं खुडलं. चीक बोटांना लागला. उदबत्तीच्या धुरानं डोळे चुरचुरले म्हणून त्याच हातांनी त्यांनी डोळे चोळले. निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं, म्हणून ते मागच्या अंगणात गुलाबाच्या मुळाशी पुरलं. काकांनी ती पानं कधी पाहिलीच नाहीत.

दोन दिवसांनी काकूंचे डोळे सुजून मिटले. मानेवर, हातांवर पाण्यानं भरलेले फोड आले. इमर्जन्सीत नेताना गाडी मीच चालवली. डॉक्टरांनी पाहताक्षणी पॉयझन आयव्ही ओळखली आणि विचारलं, घरात कोणी हायकिंग करतं का? मी, नर्सनं, सगळ्यांनी काकांकडे पाहिलं; काकूंनीही मिटल्या डोळ्यांनी मान तिकडे वळवली. काका खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. मग मराठीत, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "एवढं धूत आलो. एखाद्या दिवशी राहिलं असणार."

स्टेरॉइड दिल्यावर सूज उतरू लागली, पण काकूंना डायबिटीस, त्यामुळे साखर भडकली आणि त्यांना ठेवून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी मऊ भात घेऊन गेलो. त्यांचा उजवा हात चादरीवर होता. सगळ्यांत दाट फोड अंगठ्यावर आणि मधल्या दोन बोटांवर होते. बेल वाहतात त्याच बोटांवर. मी भाताचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. संध्याकाळी गाडी घेऊन त्या पार्किंगला गेलो. झुडपं तिथेच होती. पलीकडच्या खांबावर चित्रासकट पिवळी पाटी होती. इतकी वर्षं मी तिच्याशेजारी गाडी लावत होतो.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. काकू जरा बऱ्या झाल्या की सांगू, असं ठरवलं. त्या घरी आल्या तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, हा श्री पोटच्या मुलासारखा धावला. मग ते आणखी अवघड झालं.

काकांनी बूट, काठी, टोपी सगळं काळ्या पिशवीत भरून कचऱ्यात दिलं. शनिवारचं फिरणं थांबलं. त्यांच्याशिवाय आम्ही एकदा गेलो, वाट चुकलो, मग कोणी नाव काढलं नाही. मी त्यांना म्हटलं, नुसत्या पक्क्या रस्त्यानं जाऊ, झाडांजवळ जायलाच नको. म्हणाले, "नको रे. छंद माझा आणि भोगायचं तिनं, हा कुठला न्याय?" ते बेसमेंटमधल्या ट्रेडमिलवर भिंतीकडे तोंड करून चालू लागले. पाठ वाकली. बोलणं कमी झालं. मी दर आठवड्याला जायचो, दारातला बर्फ उपसायचो, औषधं आणून द्यायचो. ते म्हणत, "किती करशील आमचं?" मी औषधांची पुढची यादी मागत असे. घरी आलो की भर दुपारी झोपायचो आणि झोपून उठल्यावर जास्तच दमलेला असायचो.

गेल्या वर्षी त्यांनी घर विकलं. मुलगी कॅल्गरीला असते, तिच्याकडे जायचं ठरलं. निघायच्या आधी मी बेसमेंट आवरायला गेलो होतो. काका बुटक्या स्टुलावर बसून पुस्तकं खोक्यात भरत होते. काकू चहा घेऊन खाली आल्या आणि काकांना उठवायला त्यांनी हात पुढे केला. काकांनी तो धरला नाही. भिंतीचा आधार घेत ते कसेबसे एकटेच उठले, लॉन्ड्रीच्या सिंकपाशी गेले, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुसले आणि मग काकूंच्या हातून कप घेतला.

मी विचारलं, "काका, आता कशाला?"

"सवय," ते म्हणाले.

काकू हसल्या. "तेव्हापासून हेच चाललंय. मी तर सांगायचंही सोडलं." त्या वर गेल्या.

दोन वर्षं हा माणूस जंगलात पाऊल ठेवत नव्हता आणि तरी बायकोला हात लावण्याआधी हात धूत होता. मी खोक्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. ऑफिसचा ताण, कंटाळा, असली कारणं सुरुवातीला तोंडात आली, मग ती सोडून दिली.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठून तोडलीस?"

"पार्किंगच्या कुंपणापासून."

"तिथे बोर्ड आहे."

"हो."

"आणि तू दर आठवड्याला येत होतास इथे."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मला सांगून अर्धंच झालं," ते म्हणाले. "वर चल. तिला सांग. माझ्यासमोर सांग."

जिना चढताना ते माझ्या मागे होते. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. काकू ओट्याशी उभ्या राहून जाहिरातींच्या जुन्या फ्लायर्समध्ये कपबश्या गुंडाळत होत्या. आम्हा दोघांचे चेहरे पाहून त्यांचे हात थांबले.

"काकू," मी म्हटलं, "त्या सोमवारी मी दिलेली पानं बेलाची नव्हती. ग्रोसरीतून आणली, हे खोटं होतं. मी ती ट्रेलच्या पार्किंगमधून तोडली होती आणि तीच विषारी होती. काकांनी तुमच्यासाठी घरात कधीच काही वाईट आणलं नाही. आणलं ते मी, आणि दोन वर्षं दोष आपलाच, असं त्यांना वाटू दिलं तेही मीच. मला माफ करा. तुम्ही दोघंही."