पुढे पाठवलेला

नाताळ जवळ आला की आमच्या फ्रीटाउनमध्ये फळ्यांच्या घरांची रंगरंगोटी निघते. आमच्या गल्लीत ते काम जुळ्या डेकर भावांचं. तायवो आधी जन्मला, केहिंदे मागून. पण आमच्यात मागून येतो तो थोरला. त्यानेच पहिल्याला ‘जा, जग कसं आहे बघून ये’ म्हणून धाडलेलं असतं. तायवोला हे कधी पचलं नाही.

कामही तसंच वाटलेलं. तायवो पुढे जाऊन पत्र्याने पोपडे खरवडायचा, पावसाळी बुरशी साबणाने धुवायचा, फळ्या उन्हात खडखडीत वाळू द्यायचा. मग भेगांत पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, रंगाखालचं अस्तर लावायचं. एवढं झालं की इस्त्रीचा शर्ट घालून केहिंदे यायचा आणि रंगाचा हात फिरवायचा. गल्ली म्हणायची, “वा केहिंदे!” तायवो बिचारा पापण्यांवरची भुकटी पुसत बसायचा आणि जळायचा.

कोकरबाईंच्या घरी ते उतू गेलं. त्यांची लेक इयामिडे तायवोला मनापासून आवडायची. तो शिडीवर, ती खिडकीत, अशा गप्पा रंगायच्या. मोठं काही नको होतं त्याला. घर झकास झालं की तिने एकदा त्याचं नाव घ्यावं, बस्स. पण दर्शनी बाजूला निळा रंग चढला आणि ती ओरडली, “अगंबाई! केहिंदे, जादू आहे तुझ्या हातात!” आल्याच्या सरबताचा पहिला पेलाही त्यालाच गेला.

तिच्या खिडकीखालची भिंत तेवढी उरली होती. तायवोने ती खरवडली नाही, धुतली नाही. ओल्या, बुरशीच्या फळ्यांवर सरळ अस्तर फासलं आणि येऊन मला सांगितलं, “मावशी, फुटू दे त्याचा रंग. मग बघू कुठली जादू ती!”

“अरे मेल्या, नाव तुझंच जाईल.”

“माझं नाव आहेच कुठे?”

नाताळला चर्चमधून पाहुणे आले, तोवर उन्हाने त्या भिंतीवरच्या केहिंदेच्या रंगाला टरटरून फोड आले होते. कोकरबाई कडाडल्या. केहिंदे शांतपणे पुढे झाला. “चूक माझी, बाई. रंगाआधी मी फळ्यांना हात लावून बघायला हवं होतं. पुन्हा करून देतो.” बाई विरघळल्या. इयामिडे तर त्याच्याकडे बघतच राहिली.

“खोटं बोलतोय तो!” तायवो किंचाळला. “मी मुद्दाम ओली ठेवली भिंत!”

सगळे हसले. कोकरबाई म्हणाल्या, “बघा, धाकटा कसा आळ अंगावर घेतोय!”

“किती रे जीव तुझा भावावर, तायवो,” इयामिडे म्हणाली. शेवटी घेतलं तिने त्याचं नाव.

संध्याकाळी तो माझ्या पायरीवर येऊन बसला. “चूकसुद्धा त्याचीच झाली, मावशी.” मला हसावं की रडावं कळेना.

ती भिंत मग तायवोने खरवडली, लाकूड उघडं पडेपर्यंत. ईस्टरनंतर केहिंदेने इयामिडेला मागणी घालायचं ठरवलं. आमच्यात मुलगा स्वतः तोंड उघडत नाही, मागे थांबतो. त्याच्या घरचं माणूस आधी जाऊन दार ठोठावतं आणि ‘तुमच्या बागेतला गुलाब द्या’ म्हणतं. आम्ही सगळे नटूनथटून कोकरबाईंच्या निळ्या दारासमोर जमलो. केहिंदेने मागून भावाच्या पाठीवर हात ठेवला.

“तायवो,” तो म्हणाला, “तू हो पुढे.”