गुलमोहराची फांदी आणि अक्काचा करंज

जळगावात नव्या कॉलनीत घर बांधलं, तेव्हा अंगणात कोणतं झाड लावायचं यावरून माझं आणि अक्काचं वाजलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शिरपूरकडच्या एका खेड्यात दिलेली. ती म्हणे करंज लाव, मी म्हणे गुलमोहर. नोकरीपायी मी काही वर्षं धुळ्यात काढून आलो होतो आणि तिथल्या बंगल्यांपुढचे गुलमोहर पाहून माझी समजूत झाली होती की ज्याच्या दारात गुलमोहर, तो साहेब. करंज म्हणजे नाल्याकाठचं झाड. ते दर्शनी अंगणात लावायचं म्हणजे पाहुण्यांसमोर फाटक्या बनियनवर बसायचं.

अक्काचं म्हणणं होतं की झाड दिसतं कसं यापेक्षा त्याच्याखाली बसता येतं का ते बघावं. आमचे वडील, नाना, भांडणात पडत नसत. दोन्ही लावा, पण माझी खाट सावलीत येऊ द्या, एवढंच ते म्हणाले.

मग दोन्ही लावली. गुलमोहर पुढे, जावयासारखा. आमची माती काळी. पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चप्पल आत जावी. गुलमोहराला मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही, म्हणून मोठा खड्डा घेतला, त्यात मुरूम आणि शेणखत मिसळलं, भोवती माती चढवली, शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण केलं. करंजाचं रोप अक्का एसटीतून गोणपाटात गुंडाळून घेऊन आली आणि मागच्या बाजूला, मोरीचं पाणी जातं तिथे, तिने ते स्वतःच लावून टाकलं. त्याला ना खत, ना कुंपण. शेळ्या यायच्या, वास घ्यायच्या आणि तोंड वाकडं करून निघून जायच्या. बोअरचं पाणी मचूळ होतं. त्याने गुलमोहराची पानं कडेने करपायची. करंजाला त्याचं काहीच वाटत नसे.

गुलमोहर मात्र भराभर वाढला. बघता बघता छपराच्या वर गेला, फुलला. करंज आपला खाली मुळं सोडत होता, वर काही दाखवत नव्हता. अक्का माहेरी आली की मी तिला मुद्दाम मागच्या दारी नेऊन विचारायचो, तुझ्या लेकराची तब्येत कशी वाटते? ती म्हणायची, थांब.

एका बाबतीत ती जिंकतच होती, पण मी कबूल करत नव्हतो. ऐन चैत्र-वैशाखात, जळगावचं ऊन डोक्यावर कोसळत असताना, गुलमोहर पानं टाकून मोकळा उभा राहतो. खोडाच्या सावलीची एक पट्टी पडे आणि नाना दिवसभर तिच्या मागे खाट सरकवत बसत. "काड्या चांगल्या आहेत छत्रीच्या," ते म्हणाले, "कापड तेवढं राहिलं." करंज फाल्गुनात पानं गाळतो आणि उन्हाच्या आत नवी, तुकतुकीत पानं घालून तयार होतो. पण तेव्हा तो नानांच्या खांद्याएवढा होता. त्याच्या सावलीत फार तर कोंबडी बसली असती.

मग एका चैत्रात वावधन, म्हणजे वादळी वारा, आलं आणि गुलमोहराची एक फांदी तुटून पडली. तुटल्या जागी लाकूड मुळ्यासारखं कच्चं होतं. वर चढून बघितलं, तर अंगणाकडच्या जाड फांदीलाही बेचक्यात चीर गेलेली. ती फांदी कापायला हवी होती. पण कापली असती तर झाड बोडकं दिसलं असतं, आणि आखाजीला अक्का येणार होती. मी चिरेवर शेणमाती लिंपली, वरून गेरू फासला. कोणी विचारलंच तर औषध लावलंय म्हणून सांगायचं ठरवलं. कोणी विचारलं नाही.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, गाणी म्हणतात, आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, म्हणजे मांडे, आमरसात बुडवून खातात. त्या वर्षी अक्का म्हणाली, तुझ्या साहेबाच्या झाडालाच बांध झोका, बघू तरी. मी बांधला. त्याच फांदीला, कारण झोक्याजोगी तेवढी एकच होती. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? बायकांसमोर माझं हसं झालं असतं, बस.

अक्का अंगाने भरलेली. ती बसली. गाण्याची दुसरी ओळ संपायच्या आत फांदी कर्रकन वाजली आणि झोक्यासकट सावकाश खाली आली. अक्काचा पाय मुरगळला, बाकी काही झालं नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आणि मी म्हणालो, "अक्का, थोडी दया कर गं झाडावर."

असा हशा पिकला की काय सांगू. शेजारच्या मारवाडी किराणावाल्यांच्या काकूंना तर पदर तोंडाला लावावा लागला. अक्कासुद्धा हसली.

पण त्यानंतर ती कधी झोक्यावर बसली नाही. मांडाही एकच घ्यायची, तोसुद्धा अर्धा मोडून. आग्रह केला की म्हणायची, नको बाई, फांद्या मोडतात. दर आखाजीला कोणी ना कोणी ते वाक्य काढायचं, ती हसायची, आणि मी आमरस आणायच्या निमित्ताने उठून आत जायचो. गप्प राहण्यात माझा हात कोणी धरणार नाही. दरम्यान करंज वाढून मागच्या दारावर मांडवासारखा झाला होता. झोके तिथे बांधू लागले होते, आणि नानांची खाट तिथून हलत नव्हती.

नव्वद सालच्या पुढच्या एका आखाजीला अक्काबरोबर तिची लग्नाला आलेली लेक होती. पोरीने दुसरा मांडा घ्यायला हात पुढे केला आणि अक्काने तिची थाळी मागे ओढली. "पुरे. तुझ्या मामाला विचार, फांदी कशी मोडते."

पोरीने हात मागे घेतला. माझं वाक्य आता तिच्या ताटापर्यंत पोचलं होतं. मी अक्काला स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. वावधन, चीर, शेणमाती, गेरू.

अक्का पोळपाटाला टेकून ऐकत होती. जास्त राग आला की ती सासरच्या बोलीत जाते. "तुले माहीत व्हतं?"

"हो."

"आन तरी 'दया कर' तूच बोलना?"

मी मान डोलावली.

"इतला साल माले उपाशी मारं तू," ती म्हणाली. हसते की रडते ते मला कळेना. मग तिने माझं मनगट धरलं आणि मला ओढत मागच्या दारी नेलं, जिथे करंजाखाली बायका जमल्या होत्या. "आते बठ्ठास्ना समोर सांग."

तेवढ्या बायकांसमोर सांगणं मला फार जड गेलं. दोनदा अडखळलो. किराणावाल्या काकू म्हणाल्या, म्हणजे आम्ही एवढी वर्षं फुकटच हसलो की काय. नाना खाटेवरून म्हणाले की गेरू त्यांनी पाहिला होता, पण त्यांना वाटलं, झाडाला नजर लागू नये म्हणून लावला असेल.

अक्काने लेकीला आत पिटाळलं, ताट वाढून घे म्हणून. स्वतःसाठीही मांडा आणायला सांगितलं, आणि मोडून नको, अख्खा आण, असं ओरडून सांगितलं. झोक्यावर मात्र ती बसेना. काकूंनी आग्रह केला तर म्हणाली, "आधी हा बसेल."

पुरुषाने आखाजीच्या झोक्यावर बसायचं म्हणजे शोभाच. शिवाय तोवर माझंही पोट सुटलं होतं. पण बसलो. फांदी कुरकुरलीसुद्धा नाही. अक्का मागे येऊन उभी राहिली आणि तिने दिला तो धक्का मायेचा नव्हता. मी पाय जमिनीला टेकवून थांबायला बघत होतो.

"पाय वर घे," ती म्हणाली.